गच्चीवरून फुग्याचे फोटो: सोलापुरात बसून एसएसडीव्ही कसं पकडायचं

माझ्या पहिल्या फोटोत वर काळंभोर आकाश होतं, मध्ये पृथ्वीची किंचित वाकलेली निळी कड होती आणि खाली एकाआड एक राखाडी पट्टे. एसएसडीव्ही (स्लो स्कॅन डिजिटल व्हिडिओ) पद्धतीने फुग्यावरचा कॅमेरा रेडिओवरून फोटो तुकड्यातुकड्यांत पाठवतो; पट्टे म्हणजे त्यातले न पोचलेले तुकडे, म्हणजेच पॅकेट्स. पुण्याच्या बाजूने एका कॉलेजच्या पोरांनी सोडलेला फुगा तेव्हा २७ किलोमीटर उंचीवर होता. स्क्रीनवर सिग्नलची रेघ ठळक होती, अँटेनाही बरोबर दिशेला होती. तरी दर वीस-एक सेकंदांनी स्पीकरमधून टर्र असा आवाज यायचा आणि एक पॅकेट जायचं.

चोर दोन दिवसांनी सापडला. उड्डाणाच्या दिवशी आमच्या भागात पाणी आलं होतं. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ते आलं की सगळ्या गच्च्यांवर टाक्या भरायची एकच झुंबड. शेजाऱ्यांनी टाकी भरली की मोटार बंद करणारं बिनतारी यंत्र बसवलंय. ते ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतं आणि माझी अँटेना त्याच्यापासून जेमतेम दहा फुटांवर होती. फुगा बोलत होता ४३४.५ वर.

हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण या छंदाबद्दल वाचायला बसलं की अँटेना आणि अँप्लिफायरवरच सगळी चर्चा सापडते. माझा अनुभव असा की ३० किलोमीटर उंचीवरून १० मिलीवॉटने मारलेली हाक सोलापूरपर्यंत बऱ्यापैकी पोचते. ती बुडते शेवटच्या दहा-वीस मीटरांत, आपल्याच घराभोवती. म्हणून सामान थोडक्यात आटोपून जागा, गोंगाट आणि सराव यांच्यावर जास्त लिहिलंय.

एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे फक्त ऐकण्याबद्दल लिहितोय. प्रसारण करायचं तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना लागतो. त्याची परीक्षा दूरसंचार खातं घेतं, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी असतात. पहिल्या एक-दोन खेपा परवानाधारक हॅमच्या जोडीने बसा. कायद्याचं आणि तंत्राचं, दोन्ही शिक्षण होतं.

चित्र येतं कसं

फुग्याखाली थर्माकोलच्या डब्यात छोटा कॅमेरा, जीपीएस आणि ट्रान्समीटर असतो. कॅमेऱ्याने काढलेला जेपेग फोटो एसएसडीव्ही या पद्धतीने २५६ बाइटच्या तुकड्यांत कापला जातो. त्यातले २०५ बाइट खुद्द चित्राचे. उरलेल्यांत पाठवणाऱ्याची कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव), चित्राचा क्रमांक, पॅकेटचा क्रमांक, चित्राची लांबी-रुंदी आणि हा तुकडा नेमका कुठे बसतो याची नोंद असते. शेवटचे ३२ बाइट दुरुस्तीसाठी. त्यांच्या जोरावर एका पॅकेटमधले १६ बाइटपर्यंत बिघडले तरी ते पुन्हा जुळवता येतात.

साध्या जेपेग फाइलमध्ये मधला एक तुकडा हरवला की पुढचं सगळं चित्र विस्कटतं. इथे प्रत्येक पॅकेट स्वतःच्या पायावर उभं असतं. चादर विणताना मागावर एक धागा तुटला तर तेवढ्या ओळीत दोष राहतो, बाकीची वीण जशीच्या तशी असते, तसंच हे. पहिली नऊ पॅकेट्स हुकली तरी दहाव्यापासून चित्र उमटायला लागतं.

आता वेग बघा. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप, दोन सुरांत बिट पाठवायची पद्धत), ३०० बॉड म्हणजे सेकंदाला ३०० बिट, ८ बिट, २ स्टॉप बिट. सुरुवातीचा एक बिट धरून एका बाइटला ११ बिट, एका पॅकेटला २८१६ बिट, वेळ सुमारे ९.४ सेकंद. ३२० बाय २४० चं साधारण ८ किलोबाइटचं चित्र म्हणजे ४० पॅकेट्स. सव्वासहा मिनिटांना एक फोटो. मध्ये मध्ये जीपीएसची वाक्यं येतात, तो वेळ वेगळा.

याच आकड्यांतून शेजाऱ्यांच्या यंत्राचा हिशेबही लागतो. दुरुस्तीत बसणारे १६ बाइट म्हणजे आरटीटीवायमध्ये जेमतेम ०.६ सेकंद. यंत्राची टर्र सेकंदभर चालायची. दर २० सेकंदांनी सेकंदभर मार बसला की जवळपास प्रत्येक दुसरं पॅकेट जाणार. म्हणून पट्टे एकाआड एक होते.

दुसरी पद्धत लोरा, कमी ताकदीत लांब पोचणारी डिजिटल रेडिओ पद्धत. एसएसडीव्हीसाठी वापरतात त्या सेटिंगवर पॅकेटला साधारण दीड सेकंद लागतो. त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं, ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडतात.

तिसरी वेनेट, ऑस्ट्रेलियातल्या प्रोजेक्ट होरस या फुगे उडवणाऱ्या गटाने केलेली. सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे मोठे, स्वच्छ फोटो धडाधड येतात. पण ३०० बॉडच्या ३८४ पट वेग घेतला की तेवढीच ताकद ३८४ पट पसरते. सिग्नल सुमारे २६ डेसिबलने पातळ होतो. नवख्या माणसाने आरटीटीवायने सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सव्वासहा मिनिटं वाट बघण्यात काही वाईट नाही, आणि चुका कानाला ऐकू येतात.

सोलापूरहून फुगा कुठे दिसतो

हा भाग सहसा लोक गाळतात. पुणे इथून सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर, साधारण २९५ अंशांवर, म्हणजे मोहोळ-टेंभुर्णीच्या अंगाला. हैदराबाद सुमारे २७५ किलोमीटर, जवळपास थेट पूर्वेला. फुगा बहुतेक या दोनपैकी एका बाजूने येणार.

रेडिओचं क्षितिज काढायचं सोपं सूत्र आहे: फुग्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. १,००० मीटरवर १३० किलोमीटर, १०,००० मीटरवर ४१२, ३०,००० मीटरवर ७१३. म्हणजे पुण्याहून सुटलेला फुगा तीन-सव्वातीन किलोमीटर वर चढेपर्यंत आपल्याला दिसणारच नाही. सेकंदाला ५ मीटर हा चढण्याचा नेहमीचा वेग धरला तर दहा-अकरा मिनिटं नुसती शांतता. पहिल्या वेळी मी या दहा-अकरा मिनिटांत घाबरून सगळ्या वायरी उपसल्या होत्या.

फुटण्याच्या वेळी फुगा समजा १५० किलोमीटरवर आणि ३० किलोमीटर उंचीवर असेल, तर तो आपल्याला क्षितिजापासून फक्त १०-११ अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरा, मुठीची उंची साधारण १० अंश. म्हणजे पुण्याकडच्या फुग्याची बहुतेक सगळी यात्रा सोलापूरहून बघणाऱ्याला क्षितिजावरच्या एका मुठीत मावते. अँटेना वर-खाली करायची गरज नाही, डावी-उजवीकडे फिरवली की पुरे. पण त्या एका मुठीत पाण्याची टाकी, लिंबाचं झाड किंवा समोरची तीन मजली इमारत येत असेल तर मात्र गच्ची बदला. माझ्या पश्चिमेला शेजाऱ्यांची जिन्याची खोली येते, म्हणून मी आता मोठ्या उड्डाणाला मोहोळ रस्त्यालगतच्या एका मित्राच्या शेतात जातो. आपला मुलूख सपाट आहे, गावाबाहेर पडलं की क्षितिज मोकळं. फक्त नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत असले उद्योग नकोत.

वाऱ्याचंही गणित आहे. हिवाळ्यात १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो, तो पुण्याचा फुगा आपल्याकडे ढकलतो. पावसाळ्यात १४-१६ किलोमीटरवर वारा पूर्वेकडून असतो. नेमका मार्ग साँडहब या फुग्यांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या प्रेडिक्टरवर काढता येतो. सोडण्याची जागा, वेळ, चढण्याचा वेग आणि फुटण्याची उंची भरली की नकाशावर रेघ मिळते. आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा, असा दोनदा काढा. वाऱ्याचा अंदाज बदलतो.

हैदराबादवरून आठवलं. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. त्यांचे प्रचंड प्लॅस्टिकचे फुगे वैज्ञानिक उपकरणं घेऊन जातात आणि ती पेटी पॅराशूटने तेलंगण, कर्नाटक किंवा आपल्याकडच्या शिवारात उतरू शकते. त्यांचे सिग्नल आपल्यासाठी नसतात. पण डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात अशीच एक मोठी कुपी उतरली आणि परग्रहावरचं यान आलं म्हणून गाव गोळा झालं होतं. शेतात अशी पेटी दिसली तर उघडू नका. तिच्यावर लिहिलेल्या नंबरवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा.

सामान

आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत बसणारा आणि सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ; टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी न सरकणारा स्फटिक) असलेला. साधा डोंगल गरम झाला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये गच्चीवर काय होतं ते सांगायला नको. लॅपटॉप कुठलाही चालतो, बॅटरी तीन तास टिकायला हवी. ४३३ च्या पट्ट्यासाठीचा फिल्टर असलेला एलएनए (अँटेनाजवळ लावायचा कमी गोंगाटाचा अँप्लिफायर) मिळाला तर चांगलं, आरटीटीवायसाठी तो सक्तीचा नाही.

केबलबद्दल मात्र थांबून सांगतो. दुकानात रेडिओसाठी म्हणून आरजी-५८ गळ्यात मारतात. ती ४३४ मेगाहर्ट्झवर १० मीटरला जवळपास ४ डेसिबल खाते, म्हणजे अँटेनाने पकडलेल्यापैकी ४० टक्केच खाली पोचतं. त्यापेक्षा केबलवाला वापरतो ती आरजी-६ घ्या. तेवढ्याच लांबीला दीड डेसिबलच्या आसपास तोटा, आणि मीटरच्या हिशेबाने स्वस्त. ती ७५ ओहमची आहे, आपलं यंत्र ५० चं, म्हणून जाणकार नाक मुरडतात. ऐकण्यापुरता त्या फरकाचा तोटा ०.२ डेसिबलसुद्धा नाही. एफ कनेक्टर ते एसएमए असा जोड घ्यावा लागेल, तेवढंच.

याहून चांगलं म्हणजे डोंगल अँटेनाच्या बुडाशीच बांधायचा आणि खाली यूएसबी केबल आणायची, पाच मीटरपेक्षा कमी. लॅपटॉप सावलीत राहतो.

अँटेना

४३४.५ मेगाहर्ट्झची लहर ६९ सेंटीमीटरची. पाव लहरीची उभी काडी तांब्याच्या तारेत १६.४ सेंटीमीटर येते. वायरमनकडून अडीच स्क्वेअरची वायर मीटरभर घ्या, वरचं प्लॅस्टिक सोला, तार सरळ करा. एक काडी १६.४ ची आणि चार काड्या १७ ते १८ च्या कापा. पॅनेलवर बसणाऱ्या एन कनेक्टरच्या मधल्या टोकाला उभी काडी डाका आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत चार काड्या अडकवून डाका. मग त्या चारी खाली ४५ अंशांत वाकवा, छत्रीच्या काड्यांसारख्या. सांध्यांवर एम-सील. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ही अँटेना चारी दिशांनी ऐकते.

डाक करताना कनेक्टरला पुरेशी उष्णता द्या. २५ वॉटच्या कैयाने त्या पितळी बुंध्यावर शिसं नुसतं गोळा होऊन बसतं, धरत नाही. माझी पहिली अशीच सुटून आईच्या कुरडयांच्या चादरीवर पडली होती. ६० वॉटचा कैया उसना घ्या.

दूरच्या फुग्यासाठी यागी हवी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी, एकाच दिशेला रोखायची अँटेना. पाच ते सात काड्यांची यागी साधारण ९-१० डेसिबल देते. तिची मापं नळीच्या जाडीप्रमाणे बदलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये स्वतःच्या नळीची जाडी टाकून काढा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फुग्याची अँटेना उभी लोंबत असते, म्हणून यागीच्या काड्याही उभ्या ठेवायच्या. आणि काड्या उभ्या असताना दांडा लोखंडी पाइपचा असेल तर तोही एक काडीच होऊन बसतो. यागी कळकाच्या किंवा पीव्हीसीच्या दांड्यावर बांधा. हिचा कोन ५० अंशांच्या आसपास रुंद असतो, त्यामुळे नेम धरण्यासाठी धनुर्धारी व्हायची गरज नाही. फोनमधलं होकायंत्र पुरतं, फक्त फोन लोखंडी कठड्यापासून लांब धरा.

यागी घेऊन उभं राहिलं की खालून हटकून प्रश्न येतो. "काय बे, कृत्रिम पाऊस पाडायलास का?" २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांवरचा प्रयोग सोलापुरात केला, तेव्हापासून आकाशाकडे तोंड केलेली कुठलीही वस्तू आमच्या आळीत पावसाची असते.

जानेवारीत गच्चीवर वायर ओढणार असाल तर पतंगांचा विचार करा. संक्रांतीच्या आठवड्यात मांजाने माझी एक केबल अर्धी कापली होती, आणि पाणी आत गेल्याचं दोन महिन्यांनी कळलं.

गोंगाटाची शोधमोहीम

उड्डाणाच्या किमान आठवडाभर आधी, दोन वेगवेगळ्या दिवशी हे करा. त्यातला एक दिवस पाण्याचा असू द्या.

अँटेना जागेवर लावा, एसडीआर प्लस प्लससारखं सॉफ्टवेअर उघडा, ४३४.५ वर या आणि धबधबा, म्हणजे सरकणारा रंगीत पडदा, पंधरा मिनिटं नुसता बघत बसा. मग घरातल्या माणसाला खाली एकेक गोष्ट बंद करायला सांगा. लॅपटॉपचा चार्जर काढला की पार्श्वभूमी किती खाली जाते ते बघा. माझ्याकडे तेवढ्यानेच ६ डेसिबल गेले, म्हणजे अँटेना दुप्पट मोठी केल्यापेक्षा जास्त फायदा, फुकटात. पुढे जिन्यातला एलईडी दिवा, सीसीटीव्हीचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, सोलरचा इन्व्हर्टर. प्रत्येकाची पडद्यावरची सही वेगळी असते. कुणाच्या उभ्या रेघा सारख्या अंतरावर, कुणाचं धुकं, कुणाचे सरकणारे नागमोडी पट्टे. वहीत लिहून ठेवा.

४३३.९२ वर ठिपके-ठिपके दिसतील. गाड्यांचे रिमोट, बिनतारी घंटा, टाकीची यंत्रं, सगळ्यांचं हे सामाईक अंगण. लांबचे ठिपके त्रास देत नाहीत. जवळचं यंत्र बोललं की सगळा पडदा क्षणभर उजळतो. याचा अर्थ डोंगल गुदमरलाय, त्याच्या आठ बिटांत तो आवाज मावत नाही. फिल्टर इथे कामाचा नाही, कारण ४३३.९२ आणि ४३४.५ दोन्ही त्याच दारातून आत येतात. उपाय दोनच: डोंगलचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करा आणि अँटेना हलवा. गेन कमी करायला जीवावर येतं, पण पडदा उजळणं थांबेपर्यंत करा. आणि अँटेना अशी ठेवा की ते यंत्र आणि अँटेना यांच्या मध्ये जिन्याच्या खोलीची भिंत येईल. यागी असेल तर तिची पाठ त्या यंत्राकडे करा.

शेजाऱ्यांना दोन तास यंत्र बंद ठेवायची विनंती मीही केली. पाण्याच्या दिवशी ती मान्य होत नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही नाही.

सॉफ्टवेअर जुळवणं

आरटीटीवायसाठी दोन प्रोग्रॅम लागतात. एसडीआरचा प्रोग्रॅम रेडिओचं काम करतो आणि डीएल-एफएलडिजी चित्र उलगडतो. पहिल्याचा आवाज दुसऱ्यापर्यंत न्यायला व्हर्च्युअल ऑडिओ केबल नावाचं छोटं सॉफ्टवेअर मध्ये बसवायचं.

एसडीआरमध्ये यूएसबी मोड निवडा. इथला यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, वायरीचा यूएसबी वेगळा. या एका शब्दाने एका होतकरू मुलाचा अख्खा रविवार खाल्लाय. पट्ट्याची रुंदी ३ किलोहर्ट्झच्या आसपास, आवाज स्वच्छ करणारी सगळी बटणं बंद. कानाला जे गोड लागतं ते डिकोडरला विष असतं.

डीएल-एफएलडिजीमध्ये फुगा सोडणाऱ्या गटाने दिलेले आकडे भरा: बॉड ३००, बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट २, आणि दोन सुरांतलं अंतर ते सांगतील तेवढं. एएफसी, म्हणजे सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीमागे आपोआप जाणारी सोय, चालू ठेवा. फुगा १६-१७ किलोमीटरवर उणे ७०-८० अंशांच्या थंडीतून जातो, त्यात ट्रान्समीटरचा स्फटिक गारठतो आणि फ्रिक्वेन्सी हळूहळू घसरते. स्वस्त ट्रान्समीटर काही किलोहर्ट्झ घसरतो. डॉप्लरला, म्हणजे फुग्याच्या हालचालीने फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकाला, दोष देऊ नका. सेकंदाला ३० मीटरने सरकणाऱ्या फुग्याचा डॉप्लर ४३ हर्ट्झ भरतो.

पडद्यावर दोन समांतर रेघा ठळक आहेत पण अक्षरांचा नुसता कचरा पडतोय, असं झालं तर आधी रिव्हर्सचं बटण दाबा. दहातल्या सात वेळा सूर उलटे लागलेले असतात. बरोबर लागलं की डॉलरच्या दोन चिन्हांनी सुरू होणारं वाक्य दिसेल: कॉलसाइन, वेळ, अक्षांश, रेखांश, उंची. ते हिरवं झालं की एसएसडीव्हीची खिडकी उघडी ठेवून शांत बसा.

वेनेट असेल तर हा आवाजाचा मार्ग नाही. लिनक्सवर त्यांचा प्रोग्रॅम थेट डोंगलमधून वाचतो. यागी आणि एलएनए दोन्ही हवेत. त्यांची नेहमीची फ्रिक्वेन्सी ४४३.५ मेगाहर्ट्झ आहे. आपल्याकडे हौशी रेडिओचा पट्टा ४३४ ते ४३८, त्यामुळे इथला गट काय वापरणार हे आधी विचारून घ्या.

फुगा नसताना सराव

फुगे दर महिन्याला उडत नाहीत. तोवर हात बसवायला तीन गोष्टी आहेत.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अधूनमधून १४५.८ मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही चित्रं पाठवतं. ही ॲनालॉग पद्धत, चित्र सुरांत गायलेलं असतं: १५०० हर्ट्झ म्हणजे काळा, २३०० म्हणजे पांढरा. बहुधा पीडी-१२० मोड असतो, एका चित्राला दोन मिनिटांहून थोडं जास्त. फोनवर रोबोट ३६ ॲप टाकून स्पीकरजवळ धरलं तरी चित्र उमटतं. मुलांना दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जुने हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. आता १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाच्या मेटिओर उपग्रहांची चित्रं मिळतात. त्यासाठी अँटेना वेगळी करावी लागते.

तिसरा सराव मला सगळ्यात उपयोगी वाटतो. हैदराबादहून हवामान खात्याचे फुगे रोज पहाटे वर जातात आणि त्यांचे ट्रान्समीटर ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान गच्चीवर या, यागी पूर्वेला अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला धरा आणि पडद्यावर नवी रेघ उगवते का बघा. दिसली, आणि यागी फिरवल्यावर ती पुसट झाली, तर तुमचं सामान २७५ किलोमीटरवरचा फुगा ऐकतंय. यापेक्षा खरी परीक्षा नाही, आणि त्या वेळी गार वाराही असतो.

शिवाय गटाकडून त्यांच्या जमिनीवरच्या चाचणीचं ऑडिओ रेकॉर्डिंग मागून घ्या. ते आपल्या डिकोडरमध्ये वाजवून एक अख्खा फोटो काढून बघा. सेटिंगच्या चुका घरीच निघतात.

उड्डाणाच्या दिवशी

फुगा सकाळी सातला सुटणार असेल तर सहालाच सगळं चालू करा. डोंगलला स्थिरावायला वीस मिनिटं लागतात. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर लांब. स्लीप आणि यूएसबीची वीजबचत बंद. छत्री किंवा गोणपाटाची सावली आधीच बांधा, दहानंतर स्क्रीन दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: कच्चं रेकॉर्डिंग सुरू करा. ऑडिओ पुरत नाही, पूर्ण आयक्यू हवं, म्हणजे डोंगलमधून येणारा सगळा कच्चा सिग्नल. डोंगल सेकंदाला अडीच लाख नमुन्यांवर ठेवला तर तासाला १.८ जीबी होतात, तीन तासांना साडेपाच जीबी. नंतर सेटिंग चुकलेलं कळलं तरी घरी बसून पुन्हा फोटो काढता येतात. शेजाऱ्यांचं यंत्र मला असंच सापडलं, रेकॉर्डिंग चालवताना.

शांततेची दहा-अकरा मिनिटं चहात घालवा. मग कधीतरी पडद्यावर दोन पुसट केसांसारख्या रेघा येतील, गायब होतील, पुन्हा येतील. डबा दोरीला झुलतो, त्याचा हा परिणाम. पाच किलोमीटरच्या वर त्या स्थिर होतात. दर दहा मिनिटांनी ताज्या अक्षांश-रेखांशावरून दिशा काढून यागी सरकवा आणि मध्ये हात आखडता घ्या. सिग्नल चांगला असताना खेळ करण्याची खुमखुमी येते, पण नेमकं तेव्हाच अर्धं चित्र आलेलं असतं.

साधारण १०० मिनिटांनी उंचीचा आकडा अचानक उतरायला लागेल. फुगा फुटला. पुढची काही मिनिटं डबा विरळ हवेत गरगरत पडतो, रेघा थरथरतात, पॅकेट्स भराभर जातात. इथे फोटोचा नाद सोडा. जीपीएसची वाक्यं जपा. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात फुगा आपल्या क्षितिजाखाली जाईल. शेवटचं हिरवं वाक्य कुठलं, किती वाजता, किती उंचीवर, हे वहीत लिहा आणि शोधायला निघालेल्या गाडीला लगेच फोन करा. पत्ता ठरतो तो त्या वाक्यावरून.

नंतर

इंटरनेट चालू असेल तर तुमची पॅकेट्स उड्डाणादरम्यानच सामाईक सर्व्हरवर जातात. तरी स्वतःची फाइल जपून ठेवा आणि गटाला पाठवा. प्रत्येक पॅकेटवर चित्राचा आणि स्वतःचा क्रमांक असल्यामुळे चार गावांतल्या चार जणांच्या फाइली एकत्र ओतता येतात. दुहेरी आलेली गळतात, राहिलेली क्रमाने लागतात.

माझ्या त्या पहिल्या फोटोचंही असंच झालं. बार्शीला एक जण नुसती तारेची छत्री लावून बसला होता. त्याचा सिग्नल माझ्यापेक्षा कमी होता, पण त्याच्या गच्चीशेजारी टाकीचं यंत्र नव्हतं. त्याची फाइल माझ्यात मिसळली आणि राखाडी पट्टे एकेक करून भरत गेले. खाली उजनीचं धरण निघालं, काठापर्यंत भरलेलं.